महाळुंगे : मालाची वाट आणि पहिली नोंद

पुणे जिल्ह्यात महाळुंगे नावाची गावे एकाहून अधिक आहेत. बालेवाडीलगतचे महाळुंगे वेगळे आणि खेड तालुक्यातील, चाकण–तळेगाव रस्त्यावरचे महाळुंगे इंगळे वेगळे. हे दुसरे गाव आज बजाज ऑटोच्या कारखान्यामुळे आणि आसपास उभ्या राहिलेल्या गोदामांमुळे ओळखले जाते. पूर्वेस चाकण, १६६० मध्ये फिरंगोजी नरसाळ्यांनी शाइस्तेखानाविरुद्ध लढविलेला संग्रामदुर्ग तेथेच. तळेगावच्या दिशेस सुदुंबरे. तुकोबांचे अभंग लिहून ठेवणाऱ्या संताजी जगनाडे महाराजांची समाधी तेथे आहे. संताजी व्यवसायाने तेली होते. व्यापार आणि नोंद यांचे नाते या मुलखाला नवे नाही.

या पट्ट्यातील वाहन उद्योगाची एक शिस्त व्यापाऱ्याने पाहण्यासारखी आहे. महत्त्वाच्या सुट्या भागांना क्रमांक असतो, तुकडीची नोंद असते. उद्या ब्रेकच्या एखाद्या भागात दोष आढळला, तर तो कोणत्या पुरवठादाराकडून आला आणि कोणकोणत्या गाड्यांत बसला, हे शोधता येते. जवळच्याच चाकणच्या बाजारात मात्र चित्र वेगळे दिसते. कांदा-बटाटा, मिरची यांसाठी हा बाजार प्रसिद्ध आहे. शेतकरी माल आणतो, लिलाव होतो, हिशोबपट्टी होते. त्यानंतर खरेदीदाराकडे अनेकांचा माल एकत्र येतो, प्रतवारी होते, नव्या गोणीत भरला जातो. पैशाची वाट शेतकऱ्यापर्यंत कागदावर शाबूत राहते; मालाची वाट मात्र तिथेच पुसली जाते.

ही पुसलेली वाट जपण्यासाठी ‘ब्लॉकचेन’चा विचार पुढे आला. नाव परके असले, तरी कल्पना वहीवर वाढलेल्या घराला कठीण नाही. व्यवहारातील प्रत्येक पक्षाकडे एकाच वहीची प्रत असावी. प्रत्येक नव्या पानावर मागील पानाची खूण असावी. म्हणजे मागचे पान कोणी गुपचूप बदलले, तर पुढच्या साऱ्या खुणा चुकतात आणि लबाडी उघडी पडते. अमेरिकेतील वॉलमार्टने चिरलेल्या आंब्याच्या पाकिटावर याचा प्रयोग केला. फळ कोणत्या बागेतून आले हे शोधण्यास जुन्या पद्धतीने जवळजवळ सात दिवस लागले. नव्या वहीत सुमारे दोन सेकंद.

महाराष्ट्राला या विषयाचा अनुभव द्राक्षांनी दिला. २००३ मध्ये युरोपात भारतीय द्राक्षांत कीटकनाशकाचे अंश सापडले आणि निर्यातदारांचे धाबे दणाणले. पुढे २००६ मध्ये ‘अपेडा’ने ‘ग्रेपनेट’ ही संगणकीय व्यवस्था सुरू केली. द्राक्षबागेची नोंदणी, प्रयोगशाळेचा अहवाल, पॅकहाउस आणि निर्यातीची खेप हे सारे एका साखळीत आले. हे ब्लॉकचेन नव्हते. एका सरकारी संस्थेची मध्यवर्ती नोंदवही होती आणि तिने बरेच साधले. तरीही २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रकाच्या अंशांमुळे युरोपात माल अडकला. बागा नोंदलेल्या होत्या, अहवालही होते. पण ज्या द्रव्यांची तपासणी होत असे, त्यांत हे द्रव्य नव्हते. जे विचारलेच नाही, त्याचे उत्तर वही देत नाही.

बँकेच्या कामात हाच धडा गोदामाच्या पावतीने शिकविला आहे. तारण ठेवलेल्या मालाची एकच पावती दोन ठिकाणी दाखवून दोनदा कर्ज उचलणे ही जुनी भीती. २००७ च्या वखार कायद्यानंतर प्राधिकरण आले आणि २०१७ पासून इलेक्ट्रॉनिक पावती आली. महाराष्ट्र राज्य वखार महामंडळाच्या पावत्यांवर ब्लॉकचेनच्या साहाय्याने तारण कर्ज देण्याची योजनाही पुढे आली. यामुळे दुबार तारणाला आळा बसतो. परंतु पोत्यात सोयाबीन आहे की माती, हे सांगणारा गोदामपालच असतो. त्याने खोटे लिहिले, तर साखळी ते खोटे प्रामाणिकपणे, कायमचे जपून ठेवते.

म्हणून सारा भार पहिल्या नोंदीवर येतो. जैन श्रावकाला हे परके वाटू नये. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात अचौर्य व्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांत चोरीचा माल घेणे, मापात कमी-अधिक करणे आणि अस्सलाच्या नावाखाली नक्कल वा भेसळ खपविणे यांचा समावेश आहे. मालाच्या उगमाची चौकशी न करता खरेदी करणारा दुकानदार या व्रताच्या किती जवळ उभा आहे, याचा विचार त्याने स्वतःच करावयाचा. ‘जैन’ असा शब्द छापलेल्या पाकिटावर विश्वास ठेवणाऱ्या ग्राहकाचा तर त्या शब्दाशी आहाराचा आणि व्रताचा संबंध असतो. हिरवा ठिपका शाकाहाराची ग्वाही देतो. कंदमूळ वर्ज्य असल्याची देत नाही.

खर्चाचा प्रश्न उरतोच. निर्यातदाराला साखळी परवडते, कारण परदेशी ग्राहक तिची किंमत मोजतो. चाकणच्या बाजारातील लहान खरेदीदाराला यंत्र, माणूस आणि वेळ यांचा बोजा पेलत नाही. मोठ्या कंपन्यांनी ही अट सर्वांवर लादली, तर लहान माणूस साखळीबाहेर पडेल. त्यासाठी पहिले पाऊल साधे आहे : प्रत्येक गोणीवर खरेदीची तारीख, शेतकऱ्याच्या हिशोबपट्टीचा क्रमांक आणि भरणाऱ्याची सही. शक्य तेथे एका शेतकऱ्याचा माल वेगळा भरावा. मिसळावाच लागला, तर सर्व पट्ट्यांचे क्रमांक त्याच चिठ्ठीवर यावेत. महाळुंग्याच्या कारखान्यांत सुट्या भागाला मिळणारा हा मान धान्याच्या पोत्याला देण्यास संगणकाची वाट पाहावी लागत नाही. आणि उद्या संगणक आला, तर त्यात भरण्यास खरी नोंद हाताशी असेल.