मायामीहून येणारी सकाळ

पतीच्या नोकरीच्या आधाराने अमेरिकेत येणाऱ्या स्त्रीला एच-4 नावाचा जो परवाना मिळतो, त्यान्वये तिला राहण्याची मुभा असते, परंतु कमावण्याची नसते. ही बंदी काही जणींपुरती उठण्यास 2015 साल उजाडावे लागले. साताऱ्याच्या एका शाळेत संस्कृत शिकवणारी मी 1997 च्या शरद ऋतूत ह्यूस्टनला आले ती असाच परवाना घेऊन, आणि पती कचेरीत गेल्यावर उरणाऱ्या त्या दीर्घ, निरुद्योगी सकाळी माझ्या घरात ज्यांचा आवाज प्रथम नांदू लागला ती माणसे स्पॅनिश बोलणारी होती. आम्ही केबल घेतलेली नव्हती. खिडकीत ठेवलेल्या अँटेनावर जे विनामूल्य दिसे तेवढेच आमचे, आणि त्यात सर्वांत स्वच्छ दिसे ती युनिव्हिजन वाहिनी.

'देस्पिएर्ता अमेरिका', म्हणजे 'जागी हो, अमेरिके', हा तिचा प्रभातकार्यक्रम 14 एप्रिल 1997 रोजी मायामीहून सुरू झाला होता. बातम्या, हवामान, पाककृती, नटनट्यांच्या वार्ता, वैद्याचा सल्ला, राशिभविष्य आणि मध्येच सर्वांनी उठून केलेले नृत्य, असा तो सगळा प्रपंच एकाच दिवाणखान्यात मांडलेला असे. भाषेचे एक अक्षर न कळताही मी तो पाहत राहिले, कारण त्या माणसांच्या बोलण्यात, घरात पाहुणा आला असता आपली माणसे जी लगबग करतात, तिचा प्रत्यय येई. पुढे शब्द सुटे होऊ लागले, आणि मग ध्यानात आले की येथे एक भाषा अनेक मुलखांच्या उच्चारांनी बोलली जात आहे. फेर्नान्दो आराऊ मेक्सिकोचे, हिसेल ब्लोन्देत व राफाएल होसे प्वेर्तो रिकोचे, बातम्या देणाऱ्या नेइदा सान्दोवाल होंडुरासच्या. मेक्सिकोकडचा माणूस व्यंजने स्पष्ट उमटवी, तर कॅरिबियन बेटांवरचा शब्दान्तीचा सकार गिळून टाकी. कोणी कोणाचा उच्चार सुधारीत नसे. प्रमाणभाषेच्या धाकात वाढलेल्या माझ्यासारख्या शिक्षिकेला हे औदार्य नवे होते, आणि आजही मला ते त्या कार्यक्रमाचे मोठे भूषण वाटते.

1998 च्या ऑक्टोबरअखेर 'मिच' नावाच्या चक्रीवादळाने मध्य अमेरिकेत हाहाकार माजवला. चोलुतेका नदी होंडुरासची राजधानी तेगुसिगाल्पा हिच्या वस्त्यांत शिरली, दरडी कोसळल्या, हजारो माणसे गेली. आमच्या शेजारची बाई होंडुरासची होती. रात्री कचेऱ्यांची झाडलोट करून पहाटे परतणारी, आणि घरी दूरध्वनी लागत नाही म्हणून त्या दिवसांत आमच्याकडे येऊन दूरदर्शनसंचासमोर उभी राहणारी. तिला बसा म्हटले तरी ती बसत नसे. जानेवारी 1999 मध्ये अमेरिकी सरकारने होंडुरास व निकाराग्वा येथील लोकांना तात्पुरत्या संरक्षणाचा दर्जा जाहीर केला: 30 डिसेंबर 1998 पासून आपला रहिवास या देशात आहे, असे जो पुराव्यानिशी दाखवील त्याने विहित मुदतीत अर्ज करावा, म्हणजे त्याला हद्दपार केले जाणार नाही व कामाचा परवाना मिळेल. हा हुकूम सरकारी राजपत्रात ज्या भाषेत छापला गेला, ती त्या बाईला समजण्याची शक्यताच नव्हती. तिला तो समजला तो सकाळच्या या कार्यक्रमातून, आणि घरभाड्याच्या पावत्या, पगाराच्या चिठ्ठ्या, मुलाचा शाळेचा दाखला असे कागद माझ्या स्वयंपाकघरातील मेजावर मांडून आम्ही दोघींनी, तिची भाषा अर्धवट जाणणाऱ्या मी व माझी अर्धवट जाणणाऱ्या तिने, तो अर्ज भरला. त्या दिवशी तिने 'बालेआदा' करून आणल्या. मैद्याच्या जाड पोळीत घोटलेला घेवडा, चीज आणि साय.

या कार्यक्रमाला उथळ म्हणणारे सुशिक्षित लोक मला पुष्कळ भेटले. त्यात उथळपणा नाही असे मी म्हणणार नाही; स्त्रियांच्या रूपाचा जो बाजार त्यात वारंवार भरतो आणि राशिभविष्याला जे मानाचे पान मिळते, त्यांविषयी माझी नाराजी आजही कायम आहे. परंतु ज्या श्वासात नृत्य आणि शिजणारा भात, त्याच श्वासात वकिलाने येऊन अर्जाची मुदत, शुल्क आणि लबाड दलालांपासून घ्यावयाची सावधगिरी सांगावी, ही योजना मला फार शहाणपणाची वाटते. कारण कष्टकरी माणसाच्या घरी कायदा वेगळ्या दालनात येत नाही, तो चुलीजवळच येतो. 2007 मध्ये नागरिकत्वाच्या अर्जाचे शुल्क 400 डॉलरांवरून 675 वर जाणार, तत्पूर्वी अर्ज करा, असा घोष युनिव्हिजनने 'या एस ओरा' या मोहिमेतून लावला, आणि त्या वर्षी देशभरातून तेरा लाखांहून अधिक अर्ज दाखल झाले. 2009 च्या जूनमध्ये जुने प्रक्षेपण बंद होऊन अंकीय प्रक्षेपण सुरू झाले, तेव्हा अँटेनावाल्या घरांना जुन्या संचास जोडावयाचा परिवर्तक डबा घेण्यासाठी सरकारने चाळीस डॉलरांची कूपने दिली होती. तेव्हा आमच्याकडे केबल आली होती, पण शेजारणीसाठी तो डबा मी जाऊन आणला.

मधल्या काळात एच-4 सुटून मला कामाचा परवाना मिळाला व मी वाचनालयात प्रौढांना इंग्रजी शिकवू लागले. विद्यार्थी बहुतेक स्पॅनिशभाषक. त्यांच्याशी पहिला परिचय मी आदल्या सकाळच्या कार्यक्रमावरून करी, आणि गायिका सेलिया क्रूझ 2003 च्या जुलैमध्ये गेली तेव्हा आम्ही धडा बाजूस ठेवून तिच्याविषयीच बोललो. माझी स्पॅनिश ऐकून ते विचारीत, "कोणत्या शाळेत शिकलात, माएस्त्रा?" मी कार्यक्रमाचे नाव सांगे, आणि सगळा वर्ग खुलून जाई.

तात्पुरत्या संरक्षणाच्या त्या दर्जाला मिळणाऱ्या, बहुधा अठरा-अठरा महिन्यांच्या मुदतवाढीवर माझी शेजारीण आयुष्य काढीत राहिली. प्रत्येक वाढीची वार्ता तिला त्याच पडद्यावरून कळे. 2018 च्या मे महिन्यात तो दर्जा रद्द करण्याचा हुकूम निघाला, मग प्रकरण न्यायालयांत गेले. ज्या मुलाचा दाखला आम्ही अर्जास जोडला होता तो आता स्वतः बाप आहे.

हे सारे पाहिल्यावर महाराष्ट्रातील वाहिन्यांच्या चालकांना माझी एवढीच विनंती आहे: सकाळच्या आपल्या कार्यक्रमात गाणे असू द्या, पाककृती असू द्या, पण त्यांच्याच शेजारी रोज दहा मिनिटे एखादा सज्जन वकील किंवा निवृत्त तलाठी बसवा, आणि वारसनोंद कशी करावी, शिधापत्रिकेतून नाव गळल्यास कोणत्या कचेरीत जावे, ऊसतोडीला गेलेल्यांच्या मुलांचे शाळेचे दाखले कसे मिळवावेत, हे त्याच्याकडून सावकाश, श्रोत्याच्या बोलीत सांगवा.