आजीची कणगी, माझी हार्डडिस्क

दिवाळीला धावड्याला गेले होते. धावडा म्हणजे जालना जिल्ह्यात, भोकरदन तालुक्यातलं आमचं गाव. बॅगेत नव्या ड्रेससोबत जुना लॅपटॉप आणि दोन हार्डडिस्क. तुम्ही म्हणाल, सणासुदीला हे काय खूळ! पण फ्रीलान्स पत्रकाराची सगळी इस्टेट त्या डब्यातच असते, बॉस.

माझी जुनी डिस्क २०१९ची. त्यावर लिनक्सची ‘बीटीआरएफएस’ फाइल सिस्टीम. डिस्क भरत आली तशी साधी फाइल सेव्ह करतानाही अडकायला लागली. फंडा असा आहे, की नवी फाइल ठेवायची तर मोकळी जागा कुठेय हे सिस्टीमला आधी कळायला हवं. जुन्या पद्धतीत जागेचे गट पाडून प्रत्येक गटाची वेगळी कॅश फाइल ठेवली जायची. त्या गटात काही बदललं, की ती फाइल परत लिहा. डिस्क मोठी, तेवढी लिखापढी जास्त.

२०१६मध्ये लिनक्स ४.५सोबत ‘फ्री स्पेस ट्री’ आलं. सगळ्या नोंदी एकाच झाडात, बदल होईल तेवढ्याच फांदीला हात लावायचा. २०२१पासून नवी डिस्क फॉरमॅट करताना हेच आपोआप मिळतं. माझ्या जुनीला मात्र ‘स्पेस कॅश व्ही टू’ असं मुद्दाम सांगावं लागणार होतं.

‘‘काय करू राहिली, माय?’’ आजीने विचारलं.

‘‘अगं, यात जागा किती उरली ते नीट कळावं म्हणून खटपट.’’

तिने कोपऱ्यातल्या कणगीवर थाप मारली. ‘‘मला तर आवाजावरनं कळतं.’’

घ्या! आजीला माउंट कमांड लागत नाही.

असले प्रयोग करण्याआधी कॉपी काढायची, हा नियम. दुसऱ्या डिस्कवर कॉपी टाकताना ‘आबा’ नावाचा फोल्डर दिसला आणि पोटात गोळाच आला. आजोबा जायच्या आदल्या वर्षीचं त्यांचं बोलणं, पाऊण तास. इतकी वर्षं त्याची एकच प्रत, तीही या अडकणाऱ्या डिस्कवर! बाकीचं थांबवून आधी तो फोल्डर कॉपी केला.

मग कमांड दिली. झाड तयार होत होतं आणि लाइट गेली. लॅपटॉप बॅटरीवर चालू, पण डिस्कचा अॅडॉप्टर भिंतीतल्या प्लगला! फुल टेन्शन. मोकळ्या जागेची यादी बिघडली तरी मूळ नोंदींवरून ती पुन्हा बनवता येते, हे वाचलेलं होतं. पण वाचणं वेगळं आणि अंधारात बसून वाट बघणं वेगळं.

लाइट आली. डिस्क पुन्हा जोडली, माउंट केली, मग काढून तपासणी चालवली. एकही एरर नाही. अडकणंही बरंच कमी झालं. मोकळी जागा मात्र एका एमबीनेही वाढली नाही. झाड जागा शोधून देतं, वाढवत नाही.

खात्री करायला आबांचं रेकॉर्डिंग लावलं. आजी चुलीपुढून उठून आली. पदर हातात धरून पूर्ण पाऊण तास ऐकत बसली. संपल्यावर म्हणाली, ‘‘अजून जागा हाये का गं त्यात?’’

‘‘आहे ना.’’

‘‘मग माझं बी भर.’’

त्या रात्री आम्ही बाराला झोपलो. आता आजीच्या दोन प्रती आहेत.