साठीनंतरची पात्रनिवड

सेवानिवृत्तीनंतर काय करणार, हा प्रश्न प्रत्येक बँक अधिकाऱ्याला नोकरीच्या अखेरच्या वर्षात असंख्य वेळा विचारला जातो. कुणी हिशेब तपासणीची कामे घेतो, कुणी मुलाच्या पेढीवर बसतो, कुणी यात्रेला निघतो. मी मात्र एका हौशी नाट्यमंडळाच्या संगीत नाटकासाठी पात्रनिवडीच्या चाचणीला गेलो. हे वाचून काहींच्या भुवया उंचावतील. आमच्या घरातही त्या उंचावल्याच होत्या.

आमचे गाव सांगली. हळदीची बाजारपेठ म्हणून आपल्या व्यापारी बांधवांना ते परिचित आहेच. परंतु याच गावात 1843 साली चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने विष्णुदास भावे यांनी ‘सीता स्वयंवर’ रंगभूमीवर आणले, आणि त्याच्या स्मरणार्थ 5 नोव्हेंबर हा मराठी रंगभूमी दिन म्हणून साजरा होतो. जवळच, कृष्णा-वारणेच्या संगमावर, गोविंद बल्लाळ देवलांचे हरिपूर आहे. त्यांचे ‘संगीत शारदा’ हे नाटक 1899 सालचे. मंडळाने त्याचाच प्रयोग बसवायचे ठरवले होते.

अशा गावात राहूनही आम्हा आडत व्यापाऱ्यांच्या घरांतून एक अलिखित नियम होता : नाटक पाहावे, करू नये. माझे वडील संगीत नाटकांचे शौकीन होते. पदे ऐकून त्यांचे डोळे भरून येत. मलाही त्यांनीच गाणे शिकायला पाठवले. परंतु महाविद्यालयात असताना नाटकात काम करण्याची परवानगी मागितली, तेव्हा त्यांनी एवढेच विचारले, “उद्या बाजारात आपला शब्द कोण खरा मानेल?” पुढे एम. कॉम. झालो, बँकेत लागलो, आणि दर तीन-चार वर्षांच्या बदलीबरोबर पेटीही सामानात बांधली जाऊ लागली.

मंडळाचे निवेदन सौभाग्यवतींनी वाचून दाखवले. “इतकी वर्षे भिंतींना गाणे ऐकवलेत, एकदा माणसांना ऐकवा,” असे त्या म्हणाल्या. थोरले बंधू अण्णा मात्र रुष्ट झाले. “या वयात तोंडाला रंग लावणार तुम्ही?” एरवी मला ‘तू’ म्हणणाऱ्या अण्णांनी ‘तुम्ही’ म्हटले, यावरून रागाची प्रत समजावी.

मी पंधरा दिवस तयारी केली. तारुण्यात मी काळी दोनमध्ये गात असे. आता गळा काळी एकमध्ये स्थिरावला आहे. वय मान्य करणे म्हणजे काय, हे आरशापेक्षा पेटीच अधिक स्पष्टपणे सांगते. शिवाय नाटकातले पद आणि मैफलीतले गाणे यांत अंतर आहे. मैफलीत शब्द सुरांच्या आधाराने चालतात; नाटकात पद हा संवादाचाच पुढचा भाग असतो. पदापूर्वीचे अखेरचे वाक्य पदाच्या सुरातच बोलायचे, म्हणजे पात्र बोलता बोलता गाऊ लागले असे प्रेक्षकाला वाटते. शेवटच्या रांगेपर्यंत प्रत्येक अक्षर पोहोचले पाहिजे, आणि तान घेताना आपण कोणती भूमिका करीत आहोत याचा विसर पडता कामा नये.

चाचणीच्या दिवशी शाळेच्या सभागृहात तीन परीक्षक टेबलामागे बसले होते. ऑर्गन, तबला आणि समोर एक रिकामी खुर्ची. माझी उभी हयात टेबलाच्या पलीकडच्या बाजूला गेली. कर्ज मागायला आलेला माणूस कागदपत्रे सावरत बसे आणि मी त्याची पत जोखत असे. आता कागद माझ्या हातात होता आणि पत माझी जोखली जाणार होती. घसा कोरडा पडला. तरीही पद पार पडले. तबलजींनी शेवटी मान डोलावली, तेवढ्याने मला धीर आला.

मग दिग्दर्शिकेने, त्या माझ्या मुलीच्या वयाच्या, एक गद्य उतारा पुढे केला. “काका, आता कांचनभट वाचा.” हा शारदेचा पिता. पैशाच्या लोभाने कोवळ्या मुलीला पंचाहत्तरीच्या भुजंगनाथाशी लावून देण्यास निघालेला. मी वाचू लागलो आणि थांबलो. हा माणूस आरडाओरड करणारा खलपुरुष नव्हे; तो शांतपणे हिशेब करतो. घराण्याची पत, येणारी रक्कम, मुलीचे ‘कल्याण’. हा स्वर मला अपरिचित नव्हता. सोयरिकीच्या बैठकांत तो आजही ऐकू येतो. उलाढाल किती, दुकाने किती, एकत्र कुटुंब की विभक्त. आणि जिच्याविषयी बोलणे चालले आहे ती आत चहाचे कप विसळत असते. मी तोच शांत स्वर लावून उतारा पूर्ण केला.

आठवड्याने निरोप आला : कांचनभटाची भूमिका तुमची. मी गायला गेलो होतो, आणि पदरी पडली ती मुख्यतः गद्य भूमिका. थोडे वाईट वाटले, हे खरे. परंतु हिशेबात जगलेल्या माणसालाच हिशेबाचे भय दाखवता येईल, हे दिग्दर्शिकेचे म्हणणे मला पटले.

घरी मी मोठ्याने पाठांतर करू लागलो. त्या सुमारास अण्णांच्या नातीसाठी एका मातब्बर घरचे स्थळ आले होते. मुलगी सी. ए.च्या अंतिम परीक्षेची तयारी करीत होती आणि लग्नानंतर तिने काम करू नये, अशी त्यांची अट होती. एका संध्याकाळी अण्णा दारात उभे राहून माझे संवाद ऐकत होते. काही न बोलता निघून गेले. पुढच्या रविवारी त्यांनी नातीला समोर बसवून तिचे मत विचारले. तिने परीक्षा होईपर्यंत थांबा, असे सांगितले, आणि ते थांबले. हे नाटकामुळे घडले, असा दावा मी करणार नाही. मात्र 1929 साली संमत झालेल्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याला हरबिलास सारडा यांच्या नावावरून मराठी माणसे ‘शारदा कायदा’ म्हणत आली, तेव्हा त्यांच्या मनात देवलांची शारदाही असलीच पाहिजे, असे मला नेहमी वाटते.

तालमी सुरू आहेत. संवाद विसरतो, गुडघे दुखतात, विशीतली मुले मला हातवारे शिकवतात. पण बाजारात माझा शब्द अजून खराच मानला जातो. आपल्याही घरात कुणी हिशेबाच्या वह्यांआड गुणगुणत असेल, तर त्याचे वय विचारू नका, पट्टी विचारा.