डाख

नाणीं जमविण्याचा छंद आम्हांस आहे, असें आम्ही म्हणतों. परंतु खरा संग्राहक आमचा संग्रह पाहून नाक मुरडल्यावांचून राहणार नाहीं. आमच्या डबींत धड असें सोन्याचें नाणें एकही नाहीं. कोणाला भोंक पडलेलें, कोणाची कड झिजलेली, तर कोणाच्या माथ्यावर डाखाचा डाग!

ह्या मंडळींत वडीलकीचा मान एका पुतळीचा. व्हेनिसच्या टांकसाळींत १२८४ पासून १७९७ पर्यंत पाडल्या गेलेल्या डकेटांपैकीं ही एक. वजन सुमारें साडेतीन ग्रॅम, सोनें जवळजवळ निर्भेळ. एका बाजूस संत मार्क व त्याच्यापुढें गुडघे टेकलेला तेथील राज्यप्रमुख. दुसऱ्या बाजूस ख्रिस्त. आमच्याकडील बायकांनीं आकृति पाहिल्या, नाण्याला 'पुतळी' म्हटलें आणि गळ्यांत घातलें. वरचीं अक्षरें कोणीं वाचलीं नाहींत. कोणाचें अडलेंही नाहीं.

ही हौस आमच्या धाराशिव जिल्ह्याला नवी नव्हे. तेर म्हणजे प्राचीन तगर. 'पेरिप्लस' ह्या पहिल्या शतकांतील ग्रीक ग्रंथांत त्याचें नांव आहे. रोमन नाण्यांच्या धर्तीवर केलेलीं मातीचीं पदकें तेथें सांपडलीं आहेत. ज्यांना सोनें परवडलें नाहीं, त्यांनीं मातीवर हौस भागविली असावी. तुळजापूरच्या भवानीच्या दागिन्यांतही नाण्यांच्या माळा आहेत. देवीच्या अंगावरील नाण्याला 'खराब' कोण म्हणेल?

हें शहाणपण मात्र आम्हांस उशिरां आलें. आजीची पुतळी आमच्या हातीं आली तेव्हां तिला कडी होती. कडीनें नाण्याची किंमत उतरते, असें नुकतेंच वाचलेलें. आम्हीं ती सोनाराकडे नेली, कडी कापविली, जागा घासून गुळगुळीत करविली आणि मोठ्या विजयानें आईपुढें धरली.

आईनें ती उलटसुलट करून पाहिली. १९७२ च्या दुष्काळांत आजीनें माळ मोडली होती. बाकीच्या पुतळ्या ज्वारींत आणि कडब्यांत गेल्या, ही एकच राहिली. त्या ओढाताणींत तिची कडी तुटली.

"माझ्या लग्नांत आईनें डाख देऊन घेतला रे," एवढेंच ती म्हणाली.

तेव्हांपासून सराफाच्या दुकानीं वितळविण्यासाठीं आलेलें भोंकाचें, डाखाचें नाणें दिसलें कीं आम्ही खिसा चांचपतों. एखादें परवडतें, पुष्कळशीं मुशींत जातात.

आमची पुतळी आतां अगदीं गुळगुळीत आहे. माथ्यावरून बोट फिरविलें तर कांहींच लागत नाहीं. आणि तेंच मनाला लागतें.