एक तारीख, दोन हार

२ ऑक्टोबरला मी वर्गात गांधीजींच्या तसबिरीला हार घातला. तेवढ्यात एक चिमुरडी उठली. "बाई, आज शास्त्रीजींचापण वाढदिवस ना? मग त्यांचा हार कुठाय?" तिचा नि तिच्या दादाचा वाढदिवस एकाच दिवशी येतो. तिला नेमकं कळलं, मी मात्र विसरले!

गांधीजी १८६९ साली पोरबंदरला जन्मले, लालबहादूर शास्त्री १९०४ साली मुघलसरायला. अंतर ३५ वर्षांचं. वडिलांचं छत्र तान्हेपणीच हरपलेल्या लालबहादूरनं १९२१ मध्ये गांधीजींच्या हाकेसरशी शाळा सोडली. पुढं तुरुंगवासही सोसला. १९५६ मध्ये ते रेल्वेमंत्री असताना अरियालूरला पुरानं पूल खचून गाडी कोसळली. पूर काही त्यांनी आणला नव्हता! तरी जबाबदारी स्वतःकडे घेऊन त्यांनी राजीनामा दिला. पंतप्रधान झाल्यावर १९६५ मध्ये 'जय जवान, जय किसान' ही घोषणा त्यांनीच दिली.

हे सांगता सांगता मलाच लाज वाटली. वर्गापुढं मी चूक कबूल केली. कपाटातून शास्त्रीजींची तसबीर काढली, हार उसवला आणि त्याच फुलांचे आम्ही दोन हार ओवले. लहान झाले खरे, पण दोघांना पुरले.

तुमच्या घरी कुणाचा हार राहून जात नाही ना?