घोडनदीहून दौंडपर्यंत : मगरीची ओळख

पुण्याहून अहिल्यानगरकडे जाणाऱ्या सडकेने सुमारे सत्तर किलोमीटर गेले म्हणजे शिरूर लागते. जुनी मंडळी या गावाला अजूनही घोडनदी असेच म्हणतात. कुकडीचे पाणी घेऊन वाहणारी ही घोड येथे पुणे व अहिल्यानगर या दोन जिल्ह्यांची सीमा होते आणि पुढे आग्नेयेस जाऊन भीमेला मिळते. शिरूर तालुक्यातील टाकळी हाजी आणि पैलतीरावरचे निघोज यांच्या मध्ये कुकडीने काळ्या कातळात कोरलेले रांजणखळगे पाहावयास दूरदूरचे लोक येतात. भर वैशाखात सभोवतालचा मुलूख करपून गेला तरी त्या खोल खळग्यांत पाणी टिकून असते. दख्खनच्या नद्यांचा स्वभावच असा आहे. पावसाळ्यात पूर, एरवी वाळूचे विस्तीर्ण पट्टे, आणि मध्ये मध्ये डोह. अशा डोहांच्या आश्रयाने जे जीव पिढ्यान् पिढ्या उन्हाळा काढीत आले, त्यांपैकी एकाची हकिगत या प्रवासाच्या निमित्ताने वाचकांपुढे मांडावयाची आहे. तो जीव म्हणजे मगर.

शिरूरच्या घाटावर किंवा दौंडच्या पुलाखाली मगर दिसेल या आशेने मात्र कोणी जाऊ नये. नदीवर सहसा दृष्टीस न पडणारा हा प्राणी आपल्या भाषेत आणि कथांत ठाण मांडून बसला आहे. गजेंद्रमोक्षाची कथा आपल्या घरांतून मुलांना सांगितली जाते. बाल शंकराचार्यांचा पाय पूर्णा नदीत मगरीने धरला आणि मातेकडून संन्यासाची अनुज्ञा मिळाली, ही आख्यायिकाही सर्वश्रुत आहे. गंगेचे वाहन मकर. खोटे रडणाऱ्याच्या डोळ्यांत नक्राश्रू, न सुटणारी पकड ती मगरमिठी, आणि बलवानाच्या तावडीत सापडलेला मनुष्य म्हणतो, ‘सुसरीबाई, तुझी पाठ मऊ!’

इतके असूनही मगर कोणती व सुसर कोणती, असे विचारले तर भले भले सुशिक्षित गृहस्थ घोटाळतात. सुसर हा शब्द संस्कृत ‘शिशुमार’ या शब्दावरून आला. पण त्याच शब्दापासून निघालेल्या हिंदी ‘सूस’ या नावाने उत्तरेकडे गंगेतील डॉल्फिन ओळखला जातो. देवळांच्या शिल्पांतील मकराला तर हत्तीची सोंड आणि माशाचे शेपूटही असते. हा गोंधळ वरवर पाहता निरुपद्रवी वाटतो. परंतु ज्या प्राण्याला आपण ओळखत नाही त्याचे रक्षणही आपल्या हातून होत नाही, आणि त्याचा व्यापार करणारा नेमका या अज्ञानावरच जगतो. म्हणून आधी ओळख करून घेऊ.

जगात मगरवर्गातील २५हून अधिक जाती आहेत. त्यांपैकी तीन भारतात आढळतात. पहिली आपली गोड्या पाण्यातील मगर. लेसाँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८३१ साली तिला जे शास्त्रीय नाव दिले त्याचा अर्थ ‘दलदलीत राहणारी’ असा आहे. नदी, तलाव, धरणाचा जलाशय, यांपैकी कोणतेही पाणी तिला चालते. तिचा जबडा रुंद व आखूड असतो आणि मानेवर, डोक्याच्या लगतच मागे, चार ठसठशीत खवल्यांची ओळ दिसते. दुसरी खाऱ्या पाण्यातील मगर. ओडिशातील भितरकनिका, बंगालमधील सुंदरबन व अंदमान ही तिची ठिकाणे. आकाराने ती सर्वांत मोठी. तिच्या डोळ्यांपासून नाकाकडे दोन उंचवटे जातात आणि मानेवरची ती चार खवल्यांची ओळ बहुधा नसते. तिसरा घडियाल. त्याचा जबडा चिमट्यासारखा लांब व निरुंद असून वयात आलेल्या नराच्या नाकावर मडक्यासारखा फुगवटा, म्हणजे घडा, असतो. त्यावरूनच त्याचे नाव पडले. तो चंबळेसारख्या उत्तरेकडील नद्यांत राहतो व मुख्यतः मासे खातो. तेव्हा महाराष्ट्राच्या नदीत दिसते ती मगर. तिला कोणी सुसर म्हटले तरी हरकत नाही, घडियाल मात्र म्हणू नये.

आता त्या म्हणीकडे वळू. सुसरीची पाठ मऊ नसतेच. पाठीवरच्या प्रत्येक खवल्याखाली हाडाची चकती असते. त्या चिलखतामुळे पाठीचे कातडे कमवण्यास अवघड आणि वाकवण्यास त्याहून अवघड. मऊ असते ते पोट, आणि व्यापाऱ्याची दृष्टी त्या पोटावर होती. विसाव्या शतकात पट्टे, पाकिटे, स्त्रियांच्या हातातील पिशव्या आणि पादत्राणे यांसाठी मगरीच्या पोटाच्या कातड्याला परदेशांत मोठी मागणी आली. रात्री दिव्याच्या झोतात मगरीचे डोळे निखाऱ्यासारखे चमकतात. त्यामुळे बंदूक व विजेरी हाती आल्यावर शिकार सोपी झाली. कोळ्यांची जाळी, अंड्यांची लूट आणि नद्यांवर उभी राहिलेली धरणे यांनीही आपापला वाटा उचलला. १९७० च्या सुमारास भारतातील तिन्ही जाती नामशेष होण्याच्या वाटेला लागल्या होत्या.

१९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा झाला व तिन्ही जातींना त्याच्या पहिल्या अनुसूचीत स्थान मिळाले. १९७५ साली संयुक्त राष्ट्रांच्या साहाय्याने भारत सरकारने मगर प्रकल्प हाती घेतला. नदीकाठची अंडी गोळा करून सुरक्षित जागी उबवावयाची, पिले चांगली हातभर लांब व बळकट होईपर्यंत वाढवावयाची आणि मग नदीत सोडावयाची, अशी त्याची साधी रीत होती. पुढच्याच वर्षी मद्रासजवळ रोम्युलस व्हिटेकर यांनी मगरींची पेढी स्थापन केली. आपल्याकडे ताडोबा येथे १९७७ साली मगरपालन केंद्र सुरू झाले.

देशातील कायदा झाला तरी कातडे सीमा ओलांडून जाते. त्यासाठी १९७३ साली वॉशिंग्टन येथे एक आंतरराष्ट्रीय करार झाला. त्याला संक्षेपाने साइट्स म्हणतात. भारत १९७६ साली त्यात सामील झाला. या कराराने आपल्या मगरीचा व्यापार जवळजवळ पूर्णपणे निषिद्ध ठरवला. परंतु अमेरिकेतील ॲलिगेटर किंवा ऑस्ट्रेलियातील खाऱ्या पाण्यातील मगर यांच्या कातड्यांचा नियंत्रित व्यापार कायदेशीर आहे आणि अशा प्रत्येक कातड्याला पुन्हा वापरता न येणारी खूणचिठ्ठी लावावी लागते. अडचण येथेच उत्पन्न होते. डोके, शेपूट व पाय काढून टाकलेले, रंगवलेले, चकचकीत केलेले कातडे जकात अधिकाऱ्यापुढे आले असता ते कोणत्या जातीचे, हे त्याने कसे ठरवावे? निषिद्ध माल वैध मालात मिसळणे हीच या धंद्यातली जुनी युक्ती.

शास्त्रज्ञांनी त्याचे उत्तर कातड्यातच शोधले. खऱ्या मगरींच्या व घडियालाच्या पोटावरील प्रत्येक खवल्याच्या मागच्या कडेपाशी टाचणीने टोचल्यासारखा एक बारीक ठिपका असतो. पाण्यातील सूक्ष्म हालचाल जाणण्याचे ते इंद्रिय होय. ॲलिगेटर व केमन यांना असे ठिपके केवळ जबड्याभोवती असतात, पोटावर नसतात. केमनच्या पोटाच्या खवल्यांखालीही हाडाच्या चकत्या असल्याने त्याचे कातडे कमवल्यावर खडबडीत दिसते. आणि गाईच्या कातड्यावर मगरीचा छाप उठवलेली नकली वस्तू असेल तर तीच ती आकृती ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा येते. निसर्गात दोन खवले सारखे नसतात. एवढ्या मोजक्या खुणा भिंगाखाली पाहूनही चोरीचा माल पुष्कळदा पकडता येतो.

शिरूरहून न्हावऱ्याच्या वाटेने दक्षिणेस निघाले म्हणजे दोहो बाजूंस उसाचे मळे लागतात आणि पारगावाजवळ भीमा ओलांडावी लागते. याच तालुक्यात रांजणगाव सांडस येथे मुळा-मुठा भीमेला मिळालेली असते, आणि पुण्याचे सांडपाणीही तिजबरोबर आलेले असते. पुलावरून खाली पाहणाऱ्याला पात्राच्या दुर्दशेचे दुसरे कारणही कळते. ते कारण वाळू. घोड व भीमा यांच्या पात्रांतून चोरट्या वाळूउपशाच्या आणि महसूल खात्याने वाळूच्या यांत्रिक बोटी नष्ट केल्याच्या वार्ता शिरूर व दौंड तालुक्यांतून वारंवार येतात.

वाळूचा मगरीशी संबंध काय, असे कोणी विचारील. मगरीची मादी माघ-फाल्गुनाच्या सुमारास काठावरच्या वाळूत किंवा मातीत खड्डा करून पंचवीस-तीस अंडी घालते. पुढचे दोन महिने ती त्या जागेवर पहारा करते. पिलू नर निपजणार की मादी, हे अंडी घातलेल्या जागेच्या उष्णतेवर ठरते. पावसाळ्याच्या तोंडावर आतून पिलांचा आवाज येऊ लागला म्हणजे ती खड्डा उकरते आणि ज्या जबड्याला आपण मगरमिठीचे नाव दिले त्याच जबड्यात अलगद धरून पिलांना पाण्यात नेऊन सोडते. काठच खणून नेला तर हा सारा संसार मांडावयाचा कोठे? कायद्याने कातडे वाचले तरी पाळणाघर गेल्यावर वंश टिकत नाही.

केडगावाहून लोहमार्गाने दौंडास यावे. मनमाडकडे व सोलापूरकडे जाणाऱ्या गाड्यांचे हे जुने जंक्शन. गावाच्या उत्तरेस भीमा वाहते. पैलतीरी काही अंतरावर अष्टविनायकांपैकी सिद्धटेक. दौंडच्या खाली १९८० साली पूर्ण झालेल्या उजनी धरणाचा फुगवटा पसरला असून भिगवणच्या बाजूस हिवाळ्यात रोहित पक्ष्यांचे थवे पाहावयास गर्दी होते. रोहित पाहून हर्षित होणारे आपण मगरीचे नाव काढताच दचकतो, आणि ते अस्वाभाविकही नाही. हीच भीमा पुढे रायचूरकडे ज्या कृष्णेला मिळते, त्या कृष्णेच्या काठी सांगली जिल्ह्यात भिलवडी-औदुंबरच्या परिसरात मगरी आहेत. तेथे धुणे धुणाऱ्या, पोहणाऱ्या माणसांवर हल्ले झाले आहेत आणि जीवही गेले आहेत. चिपळुणास २०२४ च्या पावसाळ्यात वाशिष्ठीकाठची मगर भर रस्त्यावर आलेली लोकांनी पाहिली. ज्या घरातले माणूस गेले त्याला संरक्षणाचा उपदेश करणे हे नक्राश्रूंहूनही वाईट. म्हणून मगरीचे रक्षण आणि माणसाचे रक्षण ही दोन वेगळी कामे मानता येत नाहीत. घाटावर पाण्यात लोखंडी जाळीचे कुंपण, विणीच्या दिवसांत ठळक सूचनाफलक, घरोघर नळ, आणि माणसाच्या वस्तीपासून दूर राखलेला थोडा काठ, एवढे केले तर दोघांचाही निभाव लागण्यासारखा आहे.

शिरूर-दौंडच्या माळरानावर मगरीचा एक भ्रामक सोयरा मात्र सर्रास आढळतो. तो म्हणजे घोरपड. विहिरीपाशी मोठी घोरपड दिसली की मगरीचे पिलू आले अशी हाकाटी उठते. दोहोंतला भेद अगदी सोपा आहे. घोरपडीची जीभ सापासारखी दुभंगलेली असते व ती सारखी आतबाहेर करते. तिच्या पाठीवर हाडांचे चिलखत नसते आणि ती झाडावर, कपारीत सहज चढते. मगरीला जीभ बाहेर काढताच येत नाही. पूर्वी वाघ्याची दिमडी घोरपडीच्या कातड्याने मढवीत असत. आता तिच्यावर त्याहून मोठे संकट आले आहे आणि त्याचा संबंध आपल्या देवघराशी पोहोचतो. लक्ष्मी प्रसन्न व्हावी म्हणून ‘हत्ताजोडी’ नावाची, जोडलेल्या दोन हातांसारखी दिसणारी एक मुळी विकली जाते. ती मुळी नव्हेच. नर घोरपडीचे कापून वाळवलेले जननेंद्रिय ते. २०१७ च्या सुमारास तपासणीतून ही गोष्ट मोठ्या प्रमाणावर उघडकीस आली. ज्या घरात अहिंसेचा पाठ होतो त्या घरात हळदीकुंकवाच्या शेजारी अशी वस्तू अजाणता येऊन बसावी, याहून खेदाची गोष्ट कोणती? घोरपडही पहिल्याच अनुसूचीत असून अशा वस्तूच्या खरेदी-विक्रीस तीन ते सात वर्षांच्या कारावासाची शिक्षा आहे.

गृहस्थाश्रमी माणसाने यात काय करावे? परदेशी गेलेल्या मुलाला किंवा जावयाला मगरीच्या कातड्याची भेट आणू नको, असे कळवावे. वैध कागदपत्रांवाचून ती आणणे गुन्हाच होईल. हत्ताजोडीसारखी वस्तू पूजासाहित्यातून मागू नये आणि दुकानदाराला कारणही सांगावे. घोरपड किंवा मगर दिसली तर काठी न उगारता वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. घरातील मुलांना गजेंद्रमोक्षाची कथा सांगताना त्या डोहातील प्राण्याचे खरे चित्रही दाखवावे. रुंद जबडा आणि मानेवरची चार खवल्यांची ओळ त्यांनी एकदा पाहिली की ती सहसा विसरणार नाहीत. आणि घर बांधावयास काढाल तेव्हा वाळू कोठून येते, तिची पावती आहे की नाही, एवढे मुकादमाला अवश्य विचारावे. घोड-भीमेचा थोडासा काठ त्या प्रश्नानेही राखला जाईल.