बिनबदलीचा बेडूक

कोयना म्हटलं की आम्हां सातारकरांना दोन गोष्टी आठवतात. एक वीज, तीसुद्धा गेली तर. आणि दुसरा 11 डिसेंबर 1967 चा भूकंप. कोयनेच्या नावाचा एक बेडूकही आहे, हे मात्र कुणाच्या गावी नसतं.

हा ‘कोयना भेक’. भेक म्हणजे खरखरीत पाठीचा, जमिनीवरच वावरणारा बेडूक. मुठीत मावेल एवढा जीव. पण कुशीवर पिवळेधमक ठिपके, जणू सांगलीच्या हळदीत बोट बुडवून कुणी टिकल्या लावल्यात! 1963 साली सोमण नावाच्या संशोधकांनी त्याची शास्त्रात नोंद केली. तेव्हा तो सर्वसाधारण भेकांच्या खात्यात जमा झाला. त्याच्यासाठी वेगळी प्रजाती मानायला 2009 साल उजाडलं. म्हणजे 46 वर्षं! त्यापुढे आमच्या बँकेतलं प्रमोशन चपळच म्हणायचं. नव्या खात्यात खातेदार दोनच: हा आणि याचा आंबोलीचा भाऊ.

आता याचा संसार पाहा. शेजारी अवाढव्य शिवाजीसागर. पण हा अंडी घालणार जांभ्याच्या सड्यावर पहिल्या पावसात साचलेल्या बशीभर पाण्यात. वेडा म्हणाल, पण हिशेब पक्का आहे. मोठ्या पाण्यात मासे असतात आणि ते बेडूकमासे गट्टम करतात. बशीत मासा नाही. मात्र पावसानं दडी मारली की बशी आटते. ही मुदतठेवच, फक्त मुदत आभाळाच्या हातात!

तिकडे सांगली जिल्ह्यात, शिराळा तालुक्याच्या कडेला चांदोलीचं जंगल आहे. हा तिथंही आढळतो. शिराळ्याची नागपंचमी गाजते. नागाच्या पोटात जाणाऱ्या बेडकाला पंचांगात तिथी नाही. नाही म्हणायला, 2010 मध्ये कोयना आणि चांदोली मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला, तेव्हा वाघाच्या वशिल्यानं यालाही थोडं संरक्षण मिळालं.

तरी जगातल्या धोक्यात आलेल्या प्राण्यांच्या यादीत याचं नाव आहेच. आम्ही बदलीच्या नावानं बोटं मोडतो, पण गेलोच तर मिरजेतही रमतो. याला दुसरी शाखाच नाही हो! सडा फोडला, तर यानं बदलीचा अर्ज करायचा कुठं?

तेव्हा जूनमध्ये सड्यावर भजी खायला गेलात, तर डबक्यात चपला धुण्याआधी जरा वाकून बघा. आत कुणाची तरी ठेव असेल.